जुन्या रॉकचा नवा नाद

तरुण पिढीस जुन्याचा कंटाळा असतो, हा सिद्धांत आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारला गेला आहे कीं, त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता कोणास भासत नाहीं. पण ज्या घरांत सोळा-सतरा वर्षांचीं मुलें आहेत, तेथील वडील माणसांनीं मुलांच्या कानांतील तें लहानसें यंत्र क्षणभर आपल्या कानास लावून पाहावें, म्हणजे हा सिद्धांत दिसतो तितका भक्कम नाहीं असें त्यांस आढळून येईल. तेथें ऐकूं येणारा आवाज पुष्कळदां कालपरवां गाजलेल्या गाण्याचा नसतो. लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, फ्लीटवुड मॅक, रोलिंग स्टोन्स अशा ज्या इंग्रज व अमेरिकन मंडळ्यांनीं साधारणतः १९६४ ते १९८० या काळांत आपलें उत्तम काम करून ठेवलें, त्यांचा तो आवाज असतो. बँड या शब्दाबद्दल आम्ही आमचा जुना नाटकी शब्द मुद्दामच योजीत आहों. एकत्र राहणें, एकत्र भटकणें आणि शेवटीं भांडून फुटणें या तिन्ही गोष्टींत त्या मंडळ्या आपल्या नाटकमंडळ्यांच्या सख्ख्या बहिणी शोभतात. मुलांच्या जन्मापूर्वीं तीस-चाळीस वर्षें हें संगीत जन्मलें, गाजलें, आणि त्याच्या मूळच्या श्रोत्यांचे केस आतां पिकून गेले. तरी आज त्याचा नाद लागतो आहे तो नातवंडांस.

हा नाद आपल्याकडील चार इंग्रजी शिकलेल्या घरांपुरताच आहे, असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें खरें क्षेत्र इंग्लंड व अमेरिका हेंच आहे, आणि तेथें घडत असलेल्या गोष्टी मोठ्या विलक्षण आहेत. केट बुश या इंग्रज गायिकेचें ‘रनिंग अप दॅट हिल’ हें गीत १९८५ सालीं निघालें तेव्हां इंग्लंडांतील खपाच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलें होतें. २०२२ सालीं ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेंत तें वाजलें, आणि सदतीस वर्षांनंतर तें पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. फ्लीटवुड मॅकच्या ‘ड्रीम्स’ची कथाहि तशीच. १९७७ सालीं अमेरिकेंत पहिला क्रमांक मिळवून विसांवलेलें हें गीत, एका गृहस्थानें स्केटबोर्डवरून रस्त्यानें जातां जातां काढलेल्या चिमुकल्या चित्रफितीमुळें, २०२० सालीं पुन्हा यादींत चढलें. ज्या काळ्या तबकड्या आमच्या पिढीनें अडगळींत टाकल्या किंवा रद्दीवाल्यास दिल्या, त्यांचा खप अमेरिकेंत २०२२ सालीं सीडींच्या खपाहून अधिक झाला; १९८७ नंतर असें प्रथमच घडलें. त्या विकत घेणारांत म्हातारे नसतील असें नाहीं. पण निव्वळ म्हाताऱ्यांच्या स्मरणरंजनावर एवढा व्यापार चालत नसतो.

आमच्या परिचयाचें पुण्यांत एक घर आहे. आजोबा नाट्यसंगीतांत वाढलेले. वडील महाविद्यालयांत असतांना, म्हणजे १९९० च्या सुमारास, मित्रांकडून मागून आणलेल्या कॅसेटींवरून कॅसेटी उतरवून घेत. आणि मुलगी यंदा अकरावींत. गेल्या दिवाळींत त्यांच्याकडे फराळास गेलों असतां आम्हांस एक वाद ऐकावयास मिळाला. मुलीनें लेड झेपेलिनचें एक गाणें खोलीच्या भिंती हादरतील अशा बेतानें लावलें होतें. वडिलांच्या मुखावर कृतार्थतेचें हास्य होतें. ‘पाहा, आमच्या वेळचें संगीत अखेर कळलें कीं नाहीं हिला!’ असें ते आम्हांस म्हणाले. आजोबांना तें रुचलें नाहीं. ‘तुमच्या वेळचें कसलें रे?’ ते मुलास म्हणाले, ‘तें तुझ्याहि आधींचें. तूं उसनें आणलेंस, आतां ही तुझ्याकडून उसनें घेते आहे. स्वतःचें असें कांहीं आहे कीं नाहीं घरांत?’ यावर मुलगी जें बोलली तें तिच्या वयाचीं कितीतरी मुलें आज बोलतात. ‘आजोबा, खरें सांगूं का? मी चुकीच्या काळांत जन्मलें. हल्लींचीं गाणीं मला ऐकवतच नाहींत.’ आम्ही चिवडा खातां खातां तिन्ही उद्गार ऐकून घेतले. पण घरीं परत आल्यावर विचार करूं लागलों तों त्यांपैकीं एकहि आम्हांस पुरता पटेना.

प्रथम वडिलांचा आनंद घेऊं. आपली अभिरुचि काळाच्या कसोटीला उतरली, असें त्यांस वाटतें. परंतु ही कसोटी सर्वस्वीं काळानें लावलेली नाहीं. कालिदासाला अभिजात कोणी ठरविलें हें सांगतां येत नाहीं. ‘क्लासिक रॉक’ हें नांव कोठून आलें हें मात्र बऱ्याच अंशीं सांगतां येतें. १९८० च्या दशकाच्या आरंभीं अमेरिकेंतील कांहीं रेडिओ केंद्रांच्या चालकांना असें दिसून आलें कीं, पंचविशी ओलांडलेला, नोकरीधंद्याला लागलेला, मोटार आणि घर घेऊं पाहणारा जो श्रोता जाहिरातदारांस हवा आहे, त्याला नव्या गाण्यांपेक्षां त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलीं गाणीं अधिक हवीं आहेत. मग दहा-पंधरा वर्षांपूर्वींचीं कांहीं ठराविक गाणीं फिरून फिरून वाजविण्याची प्रथा पडली व तिला हें भारदस्त नांव मिळालें. या निवडींत कांहीं गाणीं अमर झालीं, तशींच पुष्कळ चांगलीं गाणीं गाळांत रुतलीं. जिमी हेंड्रिक्ससारखा अपवाद सोडला, तर ज्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या पायावर ही सारी इमारत उभी आहे त्यांना या यादींत जवळजवळ स्थानच मिळालें नाहीं. व्यापाऱ्यांचें लक्ष आजहि या गाण्यांवर तितकेंच आहे. बॉब डिलननें २०२० सालीं आपल्या गीतांचे हक्क विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीननें २०२१ सालीं विकले, पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रिकांचे हक्क २०२४ सालीं विकले गेले. ज्यांनीं ते विकत घेतले त्यांस सोळा वर्षांच्या श्रोत्याची किंमत चांगली ठाऊक आहे. त्याच्यापुढें ऐकण्याचीं साठ वर्षें पडलेलीं आहेत.

तरीपण व्यापार हा या नादाचा सर्वस्वीं जनक आहे, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. मालिकेंत गाणें कानावर पडतें एवढेंच. तें दुसऱ्यांदा लावावयाचें कीं नाहीं हें कान ठरवितो, आणि शंभराव्या वेळीं लावावयाचें कीं नाहीं हें त्याहून खोल असें कांहीं तरी ठरवितें. व्यापाऱ्यांनीं पुढें ढकललेल्या किती तरी गोष्टी तरुणांनीं ढुंकूनहि पाहिल्या नाहींत. या गाण्यांनाच त्यांनीं कवटाळलें, याचें कारण त्या संगीताच्या घडणींत शोधलें पाहिजे, आणि तेथें आपल्या संगीताशीं तुलना केल्यास बराच प्रकाश पडतो.

आपल्याकडे कृति म्हणजे चीज, बंदिश, चाल. ‘मानापमान’ १९११ सालीं रंगभूमीवर आलें; गोविंदराव टेंब्यांनीं बांधलेल्या त्यांतल्या चाली आज एखादी वीस वर्षांची मुलगी गाते, तेव्हां ती बालगंधर्वांची नक्कल करीत नसते, निदान करूं नये अशी आपली अपेक्षा असते. चाल जुनी, पण गळा आजचा. आणि त्या गळ्यांत ती चाल दर वेळीं थोडी निराळी उमलते. म्हणूनच तिच्या वयाचा प्रश्न आपल्याला पडत नाहीं. रॉक संगीताची गोष्ट अगदीं वेगळी आहे. तेथें शब्द ही कृति नव्हे, केवळ चालहि कृति नव्हे. तबकडींत जें उमटलें तेंच, त्या खोलीच्या घुमाऱ्यासकट, त्या गिटारच्या किंचित् बेसूर तारेसकट, कृति ठरते. दुसऱ्या कोणी तेंच गीत तितक्याच सुरेलपणें गाइलें तरी श्रोता म्हणतो, ‘तें हें नव्हे.’

या विधानाचें उत्तम उदाहरण म्हणजे त्या दिवशीं पुण्यांतील त्या घरीं वाजत असलेलें गाणेंच. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हें १९७१ सालच्या लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमचें शेवटचें गीत. मंडळीनें तें इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यांतील हेडली ग्रेंज नांवाच्या एका जुन्या घरांत ध्वनिमुद्रित केलें. जॉन बॉनम या ढोलवादकाचे ढोल दालनांत, जिन्याच्या पायथ्याशीं मांडले होते. ध्वनिलेखकानें ढोलांच्या अगदीं जवळ मायक्रोफोन ठेवण्याची नेहमींची रीत सोडून दिली आणि दोन मायक्रोफोन वर, जिन्याच्या चौकापाशीं टांगले. त्यामुळें ढोलावरचा प्रत्येक आघात आधीं त्या उंच दालनांतून फिरून, भिंतींना लागून, मग यंत्रांत शिरला. ऐकणाराला वाटतें कीं, पूर येण्यापूर्वीं कोणी धरणाच्या भिंतीवर मोठी मोगर घेऊन उभा आहे. हा ठोका नुसत्या लयीचा विचार केला तर साधा आहे. शाळेंतला मुलगाहि महिन्याभरांत तो शिकूं शकेल. पण तो आवाज त्या दालनाखेरीज, त्या जिन्याखेरीज आणि बॉनमच्या मनगटाखेरीज पुन्हा निघत नाहीं. पुढें कित्येकांनीं तोच तुकडा जशाचा तसा उचलून आपल्या गाण्यांत बसविला, तो याच कारणानें. वाजवून पाहण्याचा खटाटोप कशाला करावा?

आतां या घडणींतून एक गोष्ट ओघानेंच निघते, आणि तरुणांच्या ओढीचें मर्म आमच्या मतें तिच्यांतच आहे. तबकडीवरचा माणूस म्हातारा होत नाहीं. हेडली ग्रेंजमध्यें ढोल बडवीत असलेला बॉनम बाविशींतला होता. १९८० सालीं तो बत्तिसाव्या वर्षीं वारला, पण तबकडींत तो बाविशींतच राहिला आहे. बीटल्स ही मंडळी १९७० सालीं मोडली तेव्हां तिच्यांतील सर्वांत धाकटा जॉर्ज हॅरिसन सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे ज्या कामामुळें जग त्यांना ओळखतें तें सगळें आपल्याकडील एम्. ए., पीएच्. डी. करणाऱ्या मुलांच्या वयांत उरकलेलें होतें. सोळा वर्षांची मुलगी हें गाणें लावते तेव्हां तिला आजोबांच्या पिढीचा आवाज ऐकूं येत नाहीं. तिच्याहून पांचसहा वर्षांनीं मोठा, घर सोडून निघालेला, रागावलेला, प्रेमांत पडलेला, आपल्यापुढें काय वाढून ठेवलें आहे याची गंधवार्ता नसलेला असा एक थोरला भाऊ तिच्याशीं बोलत असतो. तो मेला आहे किंवा आज ऐंशी वर्षांचा आहे, ही माहिती तिला ठाऊक असते; पण कानाला ती पटत नाहीं.

यांत गमतीचाहि भाग आहे. ‘द हू’ या मंडळीनें १९६५ सालीं ‘माय जनरेशन’ या गीतांत वार्धक्याविषयींचा आपला तिटकारा इतक्या उर्मटपणें प्रकट केला कीं, पुढें तिच्या नायकांस म्हातारपणीं रंगमंचावर येऊन तेंच गीत गातांना पाहणें हा एक वेगळाच अनुभव होऊन बसला. रोलिंग स्टोन्स २००३ सालीं मुंबईस आले त्या वेळीं मिक जॅगर साठीच्या उंबरठ्यावर होता. त्या सायंकाळीं टाळ्या कोणाला पडल्या, समोर नाचणाऱ्या गृहस्थाला कीं चाळीस वर्षांपूर्वींच्या तबकडीला, याचा निवाडा करणें कठीण आहे.

मुलीचा उद्गार आम्हांस सर्वांत अधिक खटकला. चुकीच्या काळांत जन्मल्याची ही खंत ऐकावयास काव्यमय वाटते. पण तिच्यामागें एक साधी चूक आहे. मागचा काळ आपल्याकडे येतो तो चाळून, पाखडून येतो. आपला काळ मात्र कोंड्यासकट अंगावर पडतो. १९६९ हें वर्ष या मंडळींच्या भक्तांना सुवर्णयुगाचें शिखर वाटतें. वुडस्टॉकचा महोत्सव त्याच वर्षाचा, बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ त्याच वर्षाचा, लेड झेपेलिनचे पहिले दोन्ही अल्बम त्याच वर्षाचे. पण अमेरिकेंत त्या सबंध वर्षांत सर्वांत लोकप्रिय ठरलेलें गीत कोणतें? बिलबोर्ड या पत्राच्या वार्षिक यादींत पहिलें नांव आहे ‘शुगर, शुगर’ याचें. तें गाणारी ‘आर्चीज’ ही मंडळी प्रत्यक्षांत नव्हतीच. मुलांच्या चित्रपुस्तकांतील पात्रांच्या नांवानें पगारी गायकांनीं तें गाइलें होतें. आमच्या अकरावींतल्या मैत्रिणीला आम्ही हें गाणें ठाऊक आहे काय असें विचारलें. तिनें नांवहि ऐकलें नव्हतें. ती १९६९ सालीं जन्मली असती तर तिच्या शेजारच्या खिडकींतून तें रात्रंदिवस तिच्या कानांवर आदळलें असतें, आणि मग कदाचित् तिनेंहि १९२९ सालीं जन्मावयास हवें होतें असें म्हटलें असतें. आजच्या संगीतांत कोंडा पुष्कळ आहे हें कोण नाकारतो? पण तो पाखडण्याचें काम पुढच्या पिढीवर टाकून मोकळें होणें हें रसिकाला शोभत नाहीं. दुसऱ्याच्या चाळणींतून आलेलें धान्य खाणाराला सुपाची ओळख कशी व्हावी?

आजोबांचा आक्षेप याहून वजनदार आहे. तो उसनवारीचा आहे. त्याला उत्तर द्यावयाचें तर खुद्द या संगीताच्या जन्माकडेच वळलें पाहिजे. १९६१ च्या ऑक्टोबरांत लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स हे शाळासोबती अकस्मात् भेटले. बोलणें सुरू झालें तें जॅगरच्या बगलेंतल्या तबकड्यांवरून. चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या त्या तबकड्या होत्या. मडी वॉटर्स हा १९१३ सालीं मिसिसिपींत जन्मलेला, शेतावर राबलेला, पुढें शिकागोस जाऊन विजेच्या गिटारवर ब्लूज गाणारा माणूस. त्याच्या दुःखाशीं इंग्लंडच्या उपनगरांतील या अठरा वर्षांच्या गोऱ्या पोरांचा संबंध काय? रक्ताचा नाहीं, देशाचा नाहीं, पिढीचाहि नाहीं. तरी त्यांनीं त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि आपल्या मंडळीला नांव दिलें तें मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गीताचें. तेव्हां आजोबांनीं ज्याला उसनवारी म्हटलें, तीच या संगीताची गंगोत्री आहे. परक्याच्या जुन्या गाण्यानें वेडावलेल्या मुलांनींच तें निर्माण केलें.

मात्र येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. पहिली ही कीं, हीं मुलें ऐकून थांबलीं नाहींत. बोटें सोलवटेपर्यंत त्यांनीं तें वाजवून पाहिलें, जमलें नाहीं, आणि जें जमलें नाहीं त्याच्या जागीं जें त्यांच्या हातून निघालें तें नवें होतें. दुसरी गोष्ट ऋणाची. या बाबतींत सर्वांचें वर्तन सारखें नव्हतें. १९६५ सालीं अमेरिकेंतील ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत बोलावणें आलें तेव्हां रोलिंग स्टोन्सनीं आपल्याबरोबर हाऊलिन वुल्फ या ज्येष्ठ ब्लूज गायकालाहि बोलवावें असा आग्रह धरला, आणि तो गात असतांना ते त्याच्या पायाशीं बसले. सबंध गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यांत तो पन्नाशी उलटलेला माणूस अशा रीतीनें प्रविष्ट झाला. हें दृश्य आम्हांस गुरुपौर्णिमेची आठवण करून देतें. उलट लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाजलेल्या गीतावर मूळ कवीचें नांवच नव्हतें. विली डिक्सन यानें लिहिलेलें व मडी वॉटर्सनें १९६२ सालीं गाइलेलें गीत त्याच्या मुळाशीं आहे, असा दावा डिक्सननें १९८५ सालीं लावला. तो १९८७ सालीं तडजोडीनें मिटला. आज या मंडळीच्या तसबिरी भिंतीवर लावणाऱ्या मुलांना हा इतिहास ठाऊक नसतो, आणि त्यांच्या पालकांनाहि तो सांगावासा वाटत नाहीं. आमच्या मतें या नादांत खरी उणीव आहे ती ही. मुलांनीं जुनें ऐकलें म्हणून आमची तक्रार नाहीं. तीं पुरेसें जुनें ऐकत नाहींत, ही आमची तक्रार आहे.

पूजेपुढें न गेलेल्या नादाचें काय होतें, याचेंहि एक उदाहरण समोर आहे. मिशिगन प्रांतांतील एका लहान गांवांत तिघा भावांनीं व त्यांच्या एका मित्रानें ग्रेटा व्हॅन फ्लीट नांवाची मंडळी काढली. १९७१ सालीं त्यांच्यापैकीं कोणी जन्मलेलाहि नव्हता. त्यांच्या गायकाचा गळा, गिटारचा घाट, पोषाखसुद्धां लेड झेपेलिनचा. २०१९ सालीं त्यांना उत्तम रॉक अल्बमचें ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. मुलें गुणी आहेत, हात तयार आहे, मेहनत दिसते. पण ऐकतांना आम्हांस सारखें असें वाटत राहिलें कीं, आपण मूळ चित्राच्या छापील प्रतीपुढें उभे आहोंत. जॅगरला मडी वॉटर्स होणें शक्यच नव्हतें, आणि ती अशक्यताच त्याच्या कामीं आली. या मुलांना लेड झेपेलिन होणें जवळजवळ शक्य झालें, आणि तेथेंच तीं अडलीं. कालांतरानें तीं या सापळ्यांतून बाहेर पडतीलहि; त्यांच्या पुढच्या कामांत तसा प्रयत्न जाणवतो.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध आहे तो थोडका, पण खरा आहे. क्वीन या मंडळीचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांझिबारांत जन्मलेला पारशी मुलगा, फरोख बुलसारा, पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला, हें आतां सर्वश्रुत आहे. २०१८ च्या त्याच्यावरील चित्रपटानंतर तर पांचगणीस सहलीला जाणारीं मुलें स्ट्रॉबेरीच्या आधीं त्या शाळेची चौकशी करतात असें आम्ही ऐकतों. तो ‘आपला’ म्हणून मिरविण्याची घाई आम्हांस थोडी हास्यास्पद वाटते. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या शाळेंत त्यानें व त्याच्या मित्रांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाची मंडळी काढली होती, आणि ती वाजवीत असे तीं परदेशी तबकड्यांवरचीं त्या वेळचीं लोकप्रिय गाणीं. म्हणजे शुद्ध उसनवारी. तेथून १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पर्यंत, ज्यांत प्रेमगीत, पाश्चात्त्य संगीतनाटक आणि विजेच्या गिटारचा कल्लोळ हीं तिन्ही सहा मिनिटांच्या आंत नांदतात, त्याचा प्रवास झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर बसून नक्कल करणाऱ्या त्या मुलांना कोणी आजोबांनीं त्या वेळीं ‘स्वतःचें असें कांहीं आहे काय?’ म्हणून विचारलें असतें, तर प्रश्न बरोबर ठरला असता; फक्त तो पंधरा वर्षें लवकर विचारला गेला असता.

उत्साह हा समजुतीच्या पुढें धांवतो, याची साक्ष उलट्या दिशेनेंहि मिळालेली आहे. १९७१ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क येथें बांगला देशच्या निर्वासितांसाठीं जो जलसा झाला, त्यांत रविशंकर व अलि अकबर खां यांनीं वाद्यें जुळवून घेतलीं तोंच तेथील तरुण श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. जुळणीच इतकी आवडली असेल तर वादन त्याहूनहि आवडेल, अशा आशयाचें रविशंकरांनीं त्यांस हसत उत्तर दिलें. ही हकीकत आपण मोठ्या चवीनें सांगतों. परंतु त्याच अजाण श्रोत्यांमधून पुढें कोणी सतार शिकावयास निघाले, कोणी तबला. आणि पुढच्याच वर्षीं लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हे मुंबईस येऊन येथल्या वादकांसह आपलीं दोन गीतें वाजवून पाहत बसले. तीं ध्वनिमुद्रणें २०१५ सालीं प्रकाशांत आलीं आहेत. तीं आम्ही ऐकलीं. मोठें कांहीं साधलें आहे असें नाहीं. लय वारंवार चांचपडते. पण त्या दोन गोऱ्या तरुणांना आपल्याला येथलें कांहीं येत नाहीं हें कळत होतें, आणि तरी तेथून उठावेंसें वाटत नव्हतें, हें त्या चांचपडण्यांतूनच ऐकूं येतें.

पुण्याच्या त्या घरीं आम्ही पुन्हा गेलों तो संक्रांतीच्या सुमारास. जातांना मुलीसाठीं एका ध्वनिमुद्रणाचें नांव लिहून नेलें होतें. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हें गीत मूळचें लेड झेपेलिनचें नव्हे. १९२७ सालीं मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, बांध फुटले, लक्षावधि लोक निराश्रित झाले, आणि बांधांवर राबविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे अतोनात हाल झाले. त्या आपत्तीवर कॅन्सस जो मॅकॉय व त्याची पत्नी मेम्फिस मिनी यांनीं १९२९ सालीं हें गीत ध्वनिमुद्रित केलें. आवाज त्याचा, तिच्या गिटारची साथ. लेड झेपेलिननें या वेळीं मिनीचें नांव आपल्या बरोबरीनें छापलें, एवढें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. ती १९७३ सालीं वारली. तिच्या कबरीवर दगड बसला तो १९९६ सालीं, बॉनी रेट या गायिकेनें पैसे दिले तेव्हां.

मुलीनें तें गाणें लावलें. ढोल नाहीं, जिना नाहीं. दोन गिटारी, एक आवाज, आणि तबकडीची घरघर. वडील पहिल्या कडव्यानंतर चहाचें पाहावयास उठले. आजोबा मात्र मान खालीं घालून ऐकत होते, आणि मधल्या गिटारच्या तुकड्याला त्यांची बोटें खुर्चीच्या हातावर चालूं लागलीं. गाणें संपल्यावर मुलीनें तें पुन्हा लावलें, मग १९७१ चें लावलें, मग पुन्हा १९२९ चें, आणि अखेर असा निकाल दिला कीं, लेड झेपेलिनच्या गाण्यांत पूर मोठा आहे, पण माणूस कोठें दिसत नाहीं; या जुन्यांत माणूस दिसतो. आम्हांस हें मान्य नाहीं. बॉनमचा तो ठोका म्हणजेच बुडणाऱ्या माणसाची छाती आहे, असें आम्ही तिला सांगितलें, आणि तिनें तें साफ नाकारलें. आजोबा तिच्या बाजूचे झाले. वडिलांनीं चहा आणला तरी वाद चाललाच होता.